उतरत्या उन्हातलं बळ

बडोद्याला बळाचं फार कौतुक. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड धोंडा आहे. 1902 साली गामा पैलवानानं तो उचलल्याचं सांगतात. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात इथल्या मराठी घरांतली किती मुलं मल्लखांबाला एरंडेल चोळत मोठी झाली! नातवाच्या दंडावर बेडकुळी उठली की आजोबांचा चेहरा उजळायचा. पण ती बेडकुळी विरू लागली की पुरुषानं कुणापाशी मन मोकळं करावं, हे कुठल्याच आखाड्यानं शिकवलं नाही.

माझे काका साठीनंतर असेच गप्प होत गेले. झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. सयाजीबागेतली फेरी सुटली. नातवाला उचलून घ्यायचा हुरूप राहिला नाही. "वय झालं, दुसरं काय," म्हणायचे. काकू एकदा हळूच म्हणाल्या, "अरे, हल्ली हे माझ्यापासूनही लांबच बसतात." ऐकून पोटात तुटलं.

चाळिशीच्या सुमारापासून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वर्षाला साधारण एक टक्क्यानं ओसरतं. तो आजार नव्हे. पण पोट सुटलं, मधुमेह जडला, झोपेत श्वास अडखळू लागला, की ते अधिकच घटतं. इच्छा मावळते, पहाटेची ताठरता जाते, स्नायू झडतात, मन उदास होतं. अशीच मरगळ थायरॉइडनं, रक्तक्षयानं किंवा नैराश्यानंही येते, म्हणून अंदाजानं चालत नाही. डॉक्टरांनी काकांना सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं, कारण हे संप्रेरक सकाळी चढलेलं असतं आणि दिवसाबरोबर उतरतं. मग वेगळ्या दिवशी पुन्हा तेच. दोन्ही वेळा डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली आणि सोबत लक्षणं, तेव्हाच बहुतेक डॉक्टर कमतरता म्हणतात.

भिंतीभिंतींवर 'मर्दानी ताकदी'च्या जाहिराती रंगवणाऱ्यांचा मला संताप येतो. माणसाची लाज हेच त्यांचं भांडवल.

काकांचा आकडा काठावर निघाला. आधी घोरण्यावर उपचार आणि वजन उतरवणं, असं ठरलं. त्यांच्या सोबत फिरणाऱ्या एका गृहस्थांच्या पीयूष ग्रंथीतच दोष सापडला. त्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल लागलं, आणि रक्त घट्ट होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, यावर नजरही. हृदयविकाराचा धोका असलेल्या पुरुषांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या उपचारानं झटके वाढले नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त दिसलं. हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगायला हवं, आणि आपण विचारायला हवं.

पुढच्या तपासणीला काकू सोबत जाणार आहेत. प्रश्नांची चिठ्ठी त्यांनी लिहिली आहे. पहिला प्रश्न काकांनी स्वतः सांगितलेला.