क्लबाचा पास आणि मांडाची वही

पणजीत वसंत ऋतू झाडांवर येण्याआधी क्लबांच्या नोटीस बोर्डावर येतो. थट्टा नाही ही. गोव्यात थंडी अशी कधी पडतच नाही, मग ती सरली हे माणसाला कळणार तरी कसं? काजूला मोहर येतो, बाजाराच्या तोंडाशी सुरंगीचे वळेसर घेऊन बायका बसतात, आणि क्लबांच्या दाराशी येणाऱ्या दोन महिन्यांच्या कार्यक्रमांचा कागद लागतो. मुलांचा फॅन्सी ड्रेस, तंबोला, कार्निवलचे नाच, मग चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपवास म्हणून शांतता, आणि ईस्टरला पुन्हा नाच. कचेरीतून सुटल्यावर मी बागेवरून चालत बसस्टँडकडे जातो, तेव्हा हे कागद उभं राहून वाचायची मला सवय आहे. सभासद मी कुठल्याच क्लबाचा नाही. पण वाचायला कोण पैसे घेतो?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. गोवा म्हटलं की क्लब म्हणजे किनाऱ्यावरचं डिस्को असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. मी म्हणतोय ते क्लब वेगळे. पोर्तुगीज अमदानीतले, सभासदांचे. पणजीच्या गार्सिया द ओर्ता बागेसमोरचा क्लुब वास्को द गामा १९०९ सालचा. म्हणजे पोर्तुगालात प्रजासत्ताक येऊन इथल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, त्या १९१० च्याही एक वर्ष आधीचा. मडगावात क्लुब आर्मोनिया आहे. आणि पणजीचा क्लुब नासिओनाल तर ‘रेड अँड ब्लॅक’ नाचासाठी गोवाभर माहीत आहे. शनिवारी पणजीत किंग मोमो चित्ररथावरून येऊन ‘खा, प्या, मजा करा’ असं फर्मान सोडतो, आणि मंगळवारी रात्री या लाल-काळ्या नाचाने कार्निवलचा शेवट होतो. येणाऱ्याने लाल आणि काळं नेसूनच यायचं. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून तीच माणसं चर्चमध्ये.

चित्ररथांची मिरवणूक म्हणजे फार जुनी परंपरा असं समजू नका हं. मुक्तीनंतर, १९६५ साली, तिमोतेओ फर्नांडिस यांनी ती सुरू केली, पहिले किंग मोमोही तेच. त्याच्या आधी आणि नंतरही खेड्यांतून चालत आलेला तो ‘इंत्रुज’. माझ्या मते खरा सण तोच. चांदरचा मुसळ खेळ पाहा. कार्निवलच्या सोमवारी तिथले ख्रिस्ती गावकरी मुसळं आपटत घरोघर नाचतात. एकदा तरी जाऊन बघावा.

तर यंदा त्या मंगळवारच्या नाचाला माझी मुलगी जाणार आहे. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणीचे आजोबा जुने सभासद, त्यांनी नातीबरोबर हिचंही नाव पाहुण्यांत घातलं. फोनवर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, “नांवाचें स्पेलिंग कशें?” झालं. पाहुणी. कुणाची कोण, गाव कुठलं, काही नाही.

आमच्या घरात ही गोष्ट लहान नाही. माझे वडील १९६८ मध्ये सरकारी नोकरीत शिपाई म्हणून लागले. साहेबांची सही राहिली की फाईल घेऊन साहेब असतील तिथे जायचं, हे त्यांचं काम. असे ते एकदा एका क्लबाच्या व्हरांड्यापर्यंत गेले होते. पायात चपला, म्हणून आत सोडलं नाही. वेटरने पाणी मात्र दिलं, काचेच्या ग्लासातून. वडील ही गोष्ट रागाने कधी सांगत नाहीत. “नियम म्हळ्यार नियम,” म्हणतात आणि लगेच पुस्ती जोडतात, “आपल्या मांडावर तरी चपला घालून कोण जातो?”

मांड. आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमचं गाव डिचोली तालुक्यात, नव्या काबिजादीतलं. जुन्या काबिजादीत धाकटा शिगमो पुनवेच्या आधी होतो, आमच्याकडे व्हडलो शिगमो, तो होळी पुनवेपासून. होळी उभी करायची, मांडावर नमन घालायचं, मग जती, मग रोमटामेळ घरोघर. मांड म्हणजे गावातली एक ठरलेली जागा. एरवी तिथे गुरं बसतात, पोरं क्रिकेट खेळतात. शिगम्यात मात्र तिथे पाय ठेवायचा तो अनवाणी, आणि पहिलं नमन कुणी म्हणायचं, ढोल कुणी वाजवायचा, नारळ कुणी फोडायचा हे सगळं घराण्यांवर वाटलेलं. आमच्या घराकडे मान दिवटीचा. पेटती दिवटी धरून पुढे उभं राहायचं, आणि बुधलीतून तेल घालत ती रात्रभर विझू द्यायची नाही. आजोबांनी धरली, वडिलांनी धरली. वडिलांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून गेली सहा वर्षं मी धरतो.

कुणी विचार केलाय का माहीत नाही, पण मांड हासुद्धा सभासदांचाच क्लब आहे. क्लबात शिरायचं तर जुन्या सभासदाची शिफारस लागते, समिती नाव बघते, फी भरावी लागते. मांडाचं सभासदत्व जन्माने मिळतं, फी नाही, आणि शिफारस कितीही मोठ्याची आणा, उपयोग नाही. बाहेरच्याला मांडावर पाहुणा म्हणून मान नक्की मिळतो. मिरवणूक बघा, जेवा, नाचा. पण मानाच्या वस्तूला हात लावायचा नाही. सरकारच्या शिगमोत्सवात पणजीला, फोंड्याला पथकं येतात, बक्षिसं लागतात, तिथे कुणीही ढोल वाजवू शकतो. तो रस्त्यावरचा शिगमो. मांडावरचा निराळा.

दोन्हींचं पंचांग मात्र एकच. चंद्राचं. वसंत संपातानंतरच्या पुनवेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या सत्तेचाळीस दिवस आधी कार्निवलचा मंगळवार. हिशेब करून बघा, हा मंगळवार नेहमी अवसेच्या आसपास पडतो. शिगमो पुनवेचा. म्हणजे लाल-काळा नाच अंधाऱ्या रात्री, आमचं नमन चांदण्यात. मधलं अंतर वर्षावर्षाला बदलतं. २०२४ मध्ये कार्निवलचा मंगळवार १३ फेब्रुवारीला होता आणि होळी २४ मार्चला, तब्बल चाळीस दिवसांनी. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ४ मार्च आणि १३ मार्च. नऊ दिवस! त्या वर्षी कार्निवलचे झेंडे उतरायच्या आधी शिगम्याचे चढले. लहानपणी मला वाटायचं की ही सोय सरकारच करतं.

असो. मी मामलेदार कचेरीत कारकून आहे. गोव्यात मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, हे बाहेरच्यांना नवल वाटतं, पण पोर्तुगीज कायद्याचं हे देणं अजून चालू आहे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे प्रत्येक देवस्थानच्या महाजनांची यादी असते, तिला आम्ही ‘कातालोग’ म्हणतो. नावं चढवायचे अर्ज, हरकती, जन्मदाखले, वंशावळी हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. जुन्या कातालोगांचा कागद जाड, शाई तपकिरी झालेली, अक्षर वळणदार पोर्तुगीज. पानांमागून पानं पुरुषांची नावं. कोमुनिदादच्या गावकऱ्यांचंही तेच, झोण मिळायची ती बापाकडून मुलाला. आमच्या घराचं नाव यांपैकी कशातच नाही. आम्ही महाजन नव्हे, गावकार नव्हे. दिवटी धरणारे. तो मान कुठल्याही सरकारी वहीत लिहिलेला नाही, तो गावाच्या तोंडी आहे.

आणि नेमकं तेच आता बदलायचं ठरलंय. दोन वर्षांपूर्वी एका मानावरून गावात दोन घरांत तंटा झाला, शिगमो अर्ध्यावर थांबायची वेळ आली. मग जाणत्यांनी ठरवलं की एकदा काय ते लिहून काढू. कुठल्या घराचा कुठला मान, आज तो कोण चालवतो, आणि पुढे कोण चालवणार. “तूं कचेरींतलो, अक्षर बरें तुजें,” म्हणून वही माझ्याकडे आली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजारातून साठ रुपयांना मीच आणली. चार रकाने आखले. घर, मान, सध्याचा मानकरी, पुढचा मानकरी.

बाकीच्या घरांच्या ओळी भरून झाल्या. कुठे मुलगा, कुठे पुतण्या, एका घरात तर अजून पाळण्यात असलेलं बाळ. आमच्या ओळीचा चौथा रकाना तेवढा उरला. मला एकच मुलगी. चुलत्यांचे मुलगे आहेत, पण एक बाहेरीनला, जहाजावर, आणि दुसऱ्याने गावातलं घर विकून पर्वरीला फ्लॅट घेतला. तो शिगम्याला येतो तो फोटो काढायला. जाणते म्हणाले, “तोच घाल.” जहाजावरचाही चालेल म्हणे. वर्षातून एक रात्र सुट्टी मिळाली नाही तर नाव तरी राहील.

बायकांनी मांडावर दिवटी धरू नये असं कुठे सांगितलंय, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. सांगितलेलं कुठेच नाही, आणि झालेलंही कधी नाही. गंमत म्हणजे पौषात धालो होतात तेव्हा तोच गाव उलटा असतो. धालोंचा मांड बायकांचा, तिथे पुरुषाला जागा नाही. माझी आई धालोंच्या ओळीत पुढे असायची. आम्ही पोरं लांबून, माडांआडून ऐकायचो. तेव्हा कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. एक मांड यांचा, एक मांड त्यांचा, अशी वाटणी. मला ती वाटणी मोडायची आहे अशातला भाग नाही. मला फक्त दिवटी विझू द्यायची नाही.

घरी बोलणं काढलं. बायको व्यवहारी. ती म्हणाली, “तिचें लग्न जातलें. मागीर? सासरच्या घरची सून दुसऱ्या गांवांत दिवटी धरपाक येतली?” प्रश्न खरा आहे, त्याला बगल देता येत नाही. मी म्हटलं, जहाजावरचा भाऊ येणार आहे का? त्यावर ती काही बोलली नाही, पण पटलंही नाही तिला, हे भांडी ठेवायच्या आवाजावरून कळलं. वडील आरामखुर्चीत डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. ते म्हणाले, “तेल घालपाक कोण शिकयतलो तिका?” एवढंच. हो की नाही ते आम्ही आपापल्या सोयीने घेतलं.

मुलगी नाचाच्या कपड्यांच्या विचारात होती. काळा ड्रेस आहे, लाल ओढणी हवी. तिला मी सगळं सांगितलं, जाणते काय म्हणाले तेही. मला वाटलं ती एक तर चिडेल, नाहीतर हसेल. तिने विचारलं, “बाबा, तिचें वजन कितलें?”

मी माळ्यावरून दिवटी काढली. लोखंडी, लांब दांड्याची, वर चिंध्या बांधायची वाटी. तिने ती दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये उभी केली, छताच्या पंख्याला लागली. जड आहे. पेटल्यावर तापते म्हणून आणखी जड वाटते. “रातभर?” तिने विचारलं. मी म्हटलं, मधे खांदा बदलायला मिळतो. मग तिने मोबाईलवर दोन्ही तारखा बघितल्या, मंगळवार आणि पुनव, परीक्षा मधे येत नाही याची खात्री केली आणि म्हणाली, बरं.

आमच्या खात्यात पेन्सिलीने लिहिलेलं धरत नाहीत. म्हणून चौथ्या रकान्यात मी पेनने लिहिलं, निळ्या शाईत, तिचं पूर्ण नाव, बाकीच्या ओळींसारखंच, एका ओळीत. पुढे कंसात काही नाही. खुलासा मागतील तर तोंडी देईन.

होळीच्या आधीच्या रविवारी गावात बैठक आहे, वही तिथे मोठ्याने वाचायची आहे. दोघं-तिघं नक्की उठतील. एक जण तर काय बोलेल तेही मला पाठ आहे. माझा पहिला मुद्दा धालोंचा असेल, दुसरा जहाजाचा. तिसरा सुचलेला नाही अजून. सुचला तर बरं.

दरम्यान बायकोने बुधली चिंचेने घासून ठेवली आहे. न विचारता. लाल ओढणीही तीच घेऊन आली, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, दोनशे रुपयांना, आणि रंग जातो म्हणून वेगळी भिजत घातली आहे.