सत्तावीस परस पाणी

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. आमचं शेत शिरूरच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तरी मी पोहायला शिकलो तो विहिरीत. वाळकीच्या संगमावर मुळा-मुठा भीमेला मिळते ती पुण्याचं सांडपाणी घेऊनच. पुढे बंधाऱ्यांच्या फुगवट्यात जलपर्णी अशी माजते की पाणी शोधावं लागतं. आजोबा हीच नदी पोहून पलीकडच्या बाजाराला जायचे म्हणे. माझ्या पाठीला तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, रिकामा डबा बांधला आणि विहिरीत ढकलून दिलं.

मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते. तिच्यात दोन किलोमीटरला नाव दिलं आणि त्या निमित्तानं स्मार्टवॉच घेतलं.

"किती पाण्यात चालतं रं हे?"

"पाच एटीएम. म्हणजे पन्नास मीटर."

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. "सत्तावीस परस! आपली हीर सात परस न्हाई."

पन्नास मीटर खोल बुडी मारा, असा त्या आकड्याचा अर्थ नाही. तेवढ्या खोलीवर स्थिर पाण्याचा जो दाब असेल, तो घड्याळानं सोसला, एवढंच. सूर मारताना, हात आपटताना दाब वेगळाच बसतो, आणि रबरी सीलही वर्षागणिक थकतं. वरवरच्या पोहण्याला मात्र ते पुरतं. मी ते विहिरीत नेऊन पाहिलं. वर भाकरीएवढं आभाळ. घड्याळ बापडं उपग्रह शोधत बसलं, अंतर शून्य.

समुद्रानं पहिली गंमत केली ती तरंगण्याची. खाऱ्या पाण्यात पाय आपोआप वर येतात. विहिरीत त्यांना वर ठेवायलाच निम्मा जीव जातो. लाटा ओलांडल्या, हात लयीत पडू लागले, आणि पाचशे मीटरला मनगट थरथरलं. वाटलं, जमलं की! कौतुकानं डोकं वर काढलं, तर समोर दिसायला हवी ती केशरी बोया पार उजवीकडे. होडीतला माणूस हातवारे करून मला वळवत होता. किती पोहलो ते घड्याळ सांगत होतं, कुठे चाललोय ते मलाच बघायचं होतं. विहिरीत ही सवय लागतच नाही. चुकलात तर भिंत लागते. मग दर आठ-दहा हातांनी मान उचलून बोया शोधत गेलो. नाकातोंडात पाणी गेलं, पण पोचलो.

घड्याळात अंतर भरलं 2,340 मीटर. जास्तीचे 340 सगळे माझे नव्हेत. उपग्रहाचा संदेश पाण्यातून जात नाही. हात बाहेर आला की घड्याळ घाईघाईनं जागा टिपतं, हात बुडाला की पुन्हा आंधळं. छातीवरून हात फिरवत बेडकासारखं पोहाल, तर ते बुडालेलंच राहतं. नकाशावर दोन ठिकाणी मी किनाऱ्यावरच्या माडांमधून पोहत होतो. हृदयाचे ठोकेही मध्येच 80, मध्येच 190. पट्ट्याखाली पाणी शिरलं की ठोके मोजणाऱ्या त्या हिरव्या उजेडाचा काही भरवसा नाही.

समुद्रातून निघाल्यावर घड्याळ गोड्या पाण्यात धुवायचं, हे वाचलेलं होतं. पण बाहेर पडल्यावर आधी सोलकढी आठवली. फोंडा घाट चढेपर्यंत बटणाच्या फटीत मीठ धरलं होतं. दाबलेलं बटण वर येईना.

घरी तात्यांनी तांब्या आणला. मी बोअरच्या नळाकडे निघालो तर म्हणाले, "त्यानं आणखीच क्षार धरंल." आणि फिल्टरच्या जारमधलं पाणी ओतलं. "आमाला बोअरचं, घड्याळाला जारचं."

सकाळी बटण सुटलं. मी फोनवर नकाशा उघडून दिला. तात्यांनी चष्मा लावून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"पव्हलास का चालता बैल मुतला रं हितं?"