चलनावरचे दोन शब्द

सरकारी पैसा परत करायचा म्हणजे एक चलन भरायचं. रक्कम लिहायची, लेखाशीर्ष लिहायचं (नैसर्गिक आपत्तीसाठी ते 2245) आणि कारणापुढे ‘अखर्चित निधी’ असे दोन शब्द. 27 वर्षं लेखा विभागात काढल्यावर मला या दोन शब्दांची भीती वाटते. दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्यांच्याखाली एकाच रंगाच्या दिसतात.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तेव्हा मी कोकणातच नोकरीला होते. आमच्या हद्दीतल्या एका शाळेचं छप्पर उडालं होतं. निविदा अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने आली, गावकऱ्यांनी जुनी कौलं उतरवण्याचं काम श्रमदानातून केलं आणि अकरा हजार रुपये उरले. सरपंच म्हणाले, “बाई, एवढ्यात व्हरांड्याची फरशी होईल.” झाली असती. पण आपत्तीचा पैसा मोडलेलं पूर्ववत करायला असतो, नवं बांधायला नाही. मी चलन भरलं. त्या चलनाचा मला आजही अभिमान आहे.

दुसरं चलन मात्र मनातून जात नाही. ते बागायतदारांच्या मदतीचं होतं.

निसर्गनंतर शासनाने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50,000 रुपये केली. कोकणातली वाडी मात्र हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीला या दराने साधारण 5,000 रुपये येतात. सातबाऱ्यावर नावं सात. त्यांतली दोन मयत, वारस नोंद झालेली नाही, उरलेले मुंबईला, आणि वाडी शिंपणारी एकटी म्हातारी काकू गावात. रक्कम एका खात्यात जमा करायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र हवं. त्या पावसाळ्यात मुंबईहून गावी यायला ई-पास लागत होता. सातशे रुपयांच्या वाट्यासाठी सही करायला कोण येणार?

शिवाय ज्यांची कागदपत्रं पूर्ण होती, त्यांच्यातल्याही काहींचे पैसे बँकेतून उलटून आले. कुठे खाते क्रमांकातला एक आकडा चुकलेला, कुठे बँकांच्या विलीनीकरणामुळे आयएफएससी बदललेला. पंचनामा झाला होता, यादी चावडीवर लागली होती, नाव मंजूर होतं. फक्त पैसा पोहोचला नव्हता.

मार्च जवळ आला तसा एका सहकाऱ्याने सल्ला दिला की ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून देऊ, लोक येतील तसे देऊ. त्याचा हेतू चांगला होता. पण निधी व्यपगत होऊ नये म्हणून कोषागारातून काढून बँकेत ठेवणं ही गंभीर अनियमितता आहे आणि ती असायलाच हवी. अशी खाती वर्षानुवर्षं पडून राहतात आणि शेवटी त्यातला पैसा कोणाचा, हे सांगणारं कोणी उरत नाही. म्हणून तेही चलन मी भरलं. कारणापुढे तेच दोन शब्द.

त्या काकू एप्रिलमध्ये ऑफिसात आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र होतं. पुतण्यांनी कुरिअरने पाठवलेलं. मी त्यांना सांगितलं, आता नव्याने मागणी पाठवावी लागेल, तहसीलमधून जिल्ह्याला, तिथून वर. त्यांनी विचारलं, “म्हणजे माझे पैसे परत दिलेत?” मी हो म्हणाले.

उरलेला पैसा परत जाणं हा दोष नाही. दोष आहे तो कारण न लिहिण्यात. काम स्वस्तात झालं म्हणून उरलेली रक्कम आणि माणूस सापडला नाही म्हणून राहिलेली रक्कम वेगवेगळ्या दाखवल्या पाहिजेत. दुसऱ्या रकमेसोबत नावांची यादी जोडलीच पाहिजे, म्हणजे पुनर्मागणी त्याच दिवशी तयार होते. यासाठी एक जादा तक्ता पुरेसा आहे.

तुमच्या गावाने कधी मदतनिधी परत केला असेल, तर येत्या ग्रामसभेत त्याचा आकडा विचारा. आणि तो मिळाला की थांबू नका, पैसे ज्यांना मिळायचे होते त्यांची नावंही मागा.