नील बेटावर मुक्कामाला

अंदमानला निघालेल्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे डोके टेकायचे, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहायचा, मग हॅवलॉकचा राधानगर किनारा आणि परतताना दुपारचे दोन-तीन तास नील. आमच्या बोटीत पुण्याचा एक मोठा गट होता. त्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत नीलपुढे एकच ओळ होती : भरतपूर किनारा, नैसर्गिक पूल, जेवण. गंमत अशी, की त्या दुपारी ऐन भरती होती. प्रवाळखडकाच्या त्या कमानीपर्यंत पोहोचायची वाटच पाण्याखाली होती. गट जेवला, नारळपाणी प्यायला, फोटो काढून पुढच्या बोटीने गेला. आई आणि मी मुक्कामाला राहिलो.

नीलचे अधिकृत नाव आता शहीद द्वीप आहे. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २०१८ मध्ये, हे नामांतर झाले. हॅवलॉक स्वराज द्वीप झाले आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावे असतात, धक्क्यावरची माणसे जुनी बोलतात. दोन्ही लक्षात ठेवली की चुकीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोट साधारण दोन तास घेते, खासगी बोट त्याहून कमी. खासगी बोटी वातानुकूलित, पण बंदिस्त. सरकारी बोट स्वस्त, शिवाय डेकवर उभे राहून वारा खाता येतो. मात्र तिची तिकिटे स्थानिक लोकांनाही लागतात आणि ती लवकर संपतात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत चढल्यावर नव्हे, निघण्याआधी अर्धा तास घ्यावी आणि खालच्या मजल्यावर मध्यभागाची जागा धरावी. तिथे हेलकावे कमी बसतात. आईने हे सगळे पाळले, वर आल्याचा तुकडा गालात धरला आणि चक्क झोपली. ओळखपत्राची मूळ प्रत हाताशी ठेवावी, बॅगेच्या तळाशी नको. खासगी बोटीत मोठ्या बॅगा चढतानाच काढून घेतात.

बेट इतके लहान, की त्याचे एकूण क्षेत्रफळ चौदा चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. धक्क्यापासून पूर्वेच्या सीतापूर किनाऱ्यापर्यंतचा रस्ता पाचेक किलोमीटरचा. भाड्याने सायकल मिळते, स्कूटर मिळते, रिक्षाही आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकात इथे वसवले गेले. गावांची नावे रामायणातली : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. बाजाराचे गाव तेवढे नील केंद्र. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती, सुपारीच्या बागा आणि भाजीचे मळे. इथली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. म्हणून शाकाहारी माणसाने इथे मुळीच धास्तावू नये. वांगी, दुधी, भेंडी, पालेभाजी ताजी मिळते. फक्त रात्री काय जेवणार ते सकाळीच सांगून ठेवायचे. बेटावरचा स्वयंपाकी जेवढी माणसे तेवढाच बाजार करतो. मासे खाणाऱ्यांनाही हाच नियम.

आमच्या यजमानीणबाई पहिल्याच दिवशी आईला मासी म्हणू लागल्या. आम्ही खोलीत सामान टाकतो आहोत तोच त्यांनी हिंदीत विचारले, "सकाळी किती वाजता उठणार?" आई म्हणाली, सुट्टीवर आलो आहोत, उठू सावकाश. त्यावर बाई हसल्या. "सावकाश उठाल तर इथला अर्धा दिवस संपलेला असेल, मासी."

ते खरेच होते. भारताची घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत. नील त्र्याण्णव अंशाच्या आसपास, मुंबई त्र्याहत्तरच्या. एका अंशाला चार मिनिटे धरली तर मुंबईच्या आणि इथल्या सूर्यात जवळजवळ ऐंशी मिनिटांचा फरक पडतो, घड्याळ मात्र एकच. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो आणि लगेच काळोख दाटतो. चारचा चहा पिऊन, आवरून, लक्ष्मणपूरला सूर्यास्त पाहायला रमतगमत निघणाऱ्यांना परतणारी गर्दी भेटते. आम्ही जेवणखाण, झोप, फिरणे सगळे तास-दीड तास अलीकडे ओढले. साडेपाचला सीतापूरच्या वाळूत, अकरापर्यंत खोलीत, तीनला पुन्हा बाहेर. हे जमले की दिवस मोठा होतो.

दुसरे घड्याळ समुद्राचे. कोकणात तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. आईला ते गणित तोंडपाठ. पण ते आपल्या किनाऱ्याचे, इथे जसेच्या तसे चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, एवढे मात्र सगळीकडे सारखेच. वेळा यजमानांना विचाराव्यात. त्यांना त्या पाठ असतात, कारण त्यांच्या होड्या त्यावरच चालतात. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. बाईंनी सांगितले, उद्या सातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, तिच्या आधी पोहोचा.

लक्ष्मणपूरला नैसर्गिक पुलाच्या बाजूला पायऱ्या उतरून गेलो, तेव्हा समुद्र बराच आत सरकला होता. समोर खडकांचे मोकळे पठार, जागोजागी पाण्याची डबकी, आणि टोकाला झाडे डोक्यावर घेऊन उभी असलेली कमान. लोक सरळ कमानीकडे धावतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. खरी मजा त्या डबक्यांत आहे. एका ठिकाणी काळ्या रंगाची समुद्रकाकडी पडली होती, दुसरीकडे निळ्या शेपटीचे मासे दगडाआड पळत होते, एक खेकडा आम्हाला पाहून नांगी उगारून बसला. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही अर्ध्या वाटेवरच थांबलो. त्यामुळे काही बिघडले नाही. पट्ट्याच्या घट्ट रबरी चपला घालाव्यात, हवाई चपला नकोत. दगड शेवाळाने निसरडे असतात आणि मेलेल्या प्रवाळाच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये, डबक्यातल्या कशालाही हात लावू नये. काही मासे दगडासारखेच दिसतात आणि त्यांचे काटे विषारी असतात. पाणी परत चढू लागले की गप्प मागे फिरावे.

शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे गोळा करण्याचा मोह लहानांपेक्षा मोठ्यांना जास्त होतो. कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, समुद्रकाकडीलाही आहे. वाळूत पडलेला मेलेला तुकडाही उचलू नये. विमानतळावर सामान तपासतात आणि तो तुकडा तिथे निघाला तर प्रकरण महागात पडते.

पोहण्यासाठी मात्र भरती हवी. धक्क्याजवळच्या भरतपूरला ओहोटीत गुडघाभर पाणी आणि खाली प्रवाळ, तेव्हा पोहता येत नाही आणि काचतळाची होडीही नीट चालत नाही. पाणी भरले की तोच किनारा शांत तळ्यासारखा होतो. पाण्यात उतरताना अंगभर क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा : कातडी भाजत नाही आणि प्रवाळालाही त्रास नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. सूचनाफलक असेल तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि काळोख पडल्यावर पाण्यात जाऊ नये. स्कूबा करायचा असेल तर तो विमानाच्या आदल्या दिवशी शेवटच्या घटकेला ठेवू नये. डाइव्ह आणि उड्डाण यांत किमान अठरा तास जाऊ द्यावेत. आणि माडाखाली सतरंजी पसरू नये. हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण तिथे मी कितीतरी जणांना तसे बसलेले पाहिले.

संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात. डास परवडले, इतकी खाज सुटते. पायांना खोबरेल तेल चोपडून लांब पायजमा घालायचा, हा बाईंचा उपाय आम्हाला लागू पडला. खाजवले तर जखम चिघळते.

भाजी, भात आणि मासे सोडले तर बहुतेक सगळे बोटीने येते : गॅसचा सिलिंडर, औषधे, पिठाची गोणी, वीज करण्याचे डिझेलसुद्धा. वीज जाते, येते. टॉर्च उशाशी ठेवावा. गोडे पाणी पावसाचे आणि विहिरींचे, तेव्हा बादलीने आंघोळ करावी. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, पण ती पोर्ट ब्लेअरखेरीज ज्या सात ठिकाणी पोहोचली त्यांत नील नाही. फोनवर पैसे देण्याच्या भरवशावर येऊ नये, पुरेशी रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढावी. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीच्या न्याव्यात. बेटावर आरोग्य केंद्र आहे, पण मोठ्या इलाजासाठी समुद्र ओलांडावाच लागतो.

समुद्र ओलांडता येईलच असेही नाही. नैऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी इथे पोहोचतात, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि वर्षाअखेरीला बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच हवेत हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. आमच्या परतीच्या आदल्या रात्री वारा सुटला, सकाळची बोट रद्द झाल्याचे धक्क्यावर कळले. तिथे एक जोडपे रडकुंडीला आले होते, कारण त्यांचे विमान त्याच दुपारचे होते. आमचे विमान दुसऱ्या दिवशीचे होते. आम्ही खोलीवर परतलो, बाईंनी खिचडी टाकली आणि दुपारच्या बोटीत जागा मिळाली.

बेटावरची शेवटची रात्र आणि विमान यांच्यामध्ये पोर्ट ब्लेअरचा एक मोकळा दिवस हवाच. सहल आखताना खर्च वाचवायला पहिल्यांदा हाच दिवस कापला जातो. कापायचेच असेल तर एखादा किनारा कापा. किनारा राहिला तर हळहळ वाटते, बोट राहिली तर विमान जाते. आणि हवा चांगली निघाली, तर तो दिवस सेल्युलर जेलला द्या. तीही घाईने पाहण्याची जागा नाही.