कूर्गच्या सुऱ्या आणि आईची विळी

बायकांनी कसले छंद करावेत हे आपल्याकडे जवळजवळ ठरल्यासारखंच आहे. कुणी साड्या जमवाव्यात, कुणी जुनी पितळी भांडी, फार तर काचेच्या बाहुल्या. मी सुऱ्या-कोयत्या जमवते असं सांगितलं, की समोरची बाई नकळत खुर्ची मागं ओढते. आमचे ‘हे’ तर पाहुण्यांना चहा देतानाच सांगून टाकतात, “हिच्याशी जरा जपून बोला हं!”

पण खरं सांगू का, मैत्रिणींनो, घरात सगळ्यांत जास्त वेळ आपल्या हातात काय असतं? पोळपाट-लाटणं आणि विळी! मग त्या पात्याबद्दल कुतूहल वाटलं, तर त्यात नवल ते काय?

मिटणारे चाकू मात्र मला आवडत नाहीत. पातं मुठीत पक्कं बसलेलं असावं. माझ्याकडे मावशीच्या कोकणातल्या घरची एक कोयती आहे. नारळ पाडायला येणारा गडी ती कमरेच्या लाकडी आकड्यात अडकवून माडावर चढायचा. दार्जिलिंगहून आणलेली खुकरी आहे. तिच्या म्यानात दोन पिल्लं असतात. एक छोटी धारेची, कर्दा, आणि दुसरी बोथट, चकमक. एक नवी कोरी स्टेनलेस स्टीलची सुरीही आहे. लिंबू चिरून तशीच विसरली तरी तिला काही होत नाही. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली लोखंडात क्रोमियम मिसळून ही किमया केली. गृहिणींनी त्यांची आठवण ठेवायला हवी.

आणि माझ्याकडे आईची विळी आहे.

आई गेली तेव्हा दागिने, भांडी, पैठणी सगळ्यांचं रीतसर झालं. विळीचं नाव कुणी घेतलं नाही. वहिनी भंगारवाल्यासाठी बाजूला काढलेल्या ढिगात ती टाकत होती. वाईट हेतू नव्हता तिचा. तिच्या ओट्यावर विळी बसायची तरी कुठं? मी वर्तमानपत्रात गुंडाळून ती घरी आणली. माझ्या लहानपणी तीन बोटं रुंद असलेलं पातं झिजून दीड बोटावर आलं होतं. पाटावर आईची टाच टेकायची तिथं लाकडाला खळगा पडला आहे.

मग मी शहाणपणा केला. विळी चकचकीत करून वापरात आणावी म्हणून दारावर आलेल्या धारवाल्याला दिली. त्यानं यंत्राच्या चाकावर ती अशी दाबली, की ठिणग्यांचा नुसता पाऊस! पातं आरशासारखं झालं खरं, पण धारेच्या कडेनं एक निळा-जांभळा पट्टा उठला. मला वाटलं, छान दिसतोय. आठवड्यात विळी कांदा चिरेना, चेंगरू लागली. परत धार, परत तेच. आईच्या हातात चाळीस वर्षं चाललेली वस्तू माझ्याकडे दोन महिनेही टिकली नव्हती. शेवटी ती कापडात बांधून माळ्यावर ठेवली, आणि हे मी कुणालाच, अगदी बहिणीलासुद्धा, सांगितलं नाही.

कूर्गला जायचं ठरलं ते ह्यांच्या ऑफिसातल्या मित्रामुळे. ते मूळचे तिकडचे, कोडव. “सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, वहिनी. आमच्या घरी शस्त्रांचा सण असतो,” असं म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. शाळेत माझी अर्धवेळ नोकरी, त्यामुळे रजेची बोलणी लवकर आटोपली. मिरजेहून म्हैसूरपर्यंत आगगाडी, तिथून मडिकेरीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास बस. मडिकेरीला रेल्वे नाही. गाव सुमारे ३,८०० फुटांवर. पाऊस, धुकं, कॉफीचे मळे, झाडांना लपेटून चढलेले मिरीचे वेल. मुलांचे कपडे चार दिवस वाळले नाहीत, ही आपली घरगुती नोंद!

गावाविषयी थोडक्यात सांगते. हे एकेकाळचं स्वतंत्र राज्य. १८३४ साली इंग्रजांनी ते घेतलं आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षं वेगळं राज्य राहून १९५६ साली ते म्हैसूरमध्ये विलीन झालं. किल्ल्यात दोन मोठे दगड-चुन्याचे हत्ती आहेत. मुलांना बाकी कशाहीपेक्षा तेच आवडले. जुन्या चर्चमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. जनरल थिमय्यांच्या ‘सनी साइड’ या घराचंही आता स्मारक-संग्रहालय झालं आहे. ते २०२१ साली उघडलं. फील्डमार्शल करिअप्पाही इथलेच. एवढ्याशा जिल्ह्यानं लष्कराला इतकी माणसं कशी दिली, हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही मित्राच्या गावी गेलो.

कोडवांच्या मूळ कुळघराला ‘ऐनमने’ म्हणतात. लाकडी खांबांचा ओटा, मधे चौक, आपल्या वाड्याची आठवण यावी असं घर. नैर्ऋत्येच्या खोलीत पूर्वजांचा दिवा. सणाचं नाव ‘कैलपोळ्द’. कैल म्हणजे शस्त्र आणि पोळ्द म्हणजे सण. पूर्वी भातलावणीच्या दिवसांत शस्त्रं आत ठेवून द्यायची आणि लावणी आटोपली की घासूनपुसून, पूजा करून बाहेर काढायची, अशी रीत होती. बंदुका, कत्त्या सगळ्या एका रांगेत मांडल्या होत्या आणि त्यांना लाल-पिवळी फुलं वाहिली होती. मी वाकून पाहिलं, तर आपली कळलावी! तिथं तिला ‘तोक पू’, बंदुकीचं फूल, म्हणतात. आपल्याकडे खंडेनवमीला विळी-कोयत्यांना हळदकुंकू लागतं. ते आठवून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. बाकी, कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. तरी बंदुकांकडे माझं लक्षच नव्हतं.

दोन प्रकारची पाती होती. पहिली पीचेकत्ती. काळा कुप्या अंगात, कमरेला लाल रेशमी चेले आणि त्यात पुढच्या बाजूला खोचलेली ही नाजूक कट्यार. चांदीनं मढवलेलं म्यान, चांदीचीच साखळी आणि साखळीला बारीक बारीक वस्तू लटकवलेल्या. दागिनाच म्हणा ना! तिथल्या बायका साडीच्या निऱ्या मागं खोचतात. कावेरी माता वाहू लागली तेव्हा तिच्या ओघानं निऱ्या मागं सरकल्या, अशी कथा सांगतात. तिथल्या पुरुषांचा आणि बायकांचा सणाचा पोशाख शेजारी शेजारी पाहिला, की कुणाचा अधिक देखणा ते सांगता येत नाही.

पण माझा जीव जडला तो ओडिकत्तीवर. हातभर लांब, मुठीजवळ अरुंद आणि पुढं रुंद होत गेलेलं, आतल्या बाजूला वाकलेलं पातं. धार त्या आतल्या बाकाला. ती म्यानात ठेवत नाहीत. पाठीमागं कमरपट्ट्याला तोडंग नावाची पितळी पकड असते, तिच्यात अडकवतात. म्हणजे माझ्या मावशीकडच्या गड्याच्या आकड्याची थोरली बहीणच की! हातात घेतली तर सगळं वजन पुढं. हात उचलला की पुढचं काम ती स्वतःच करणार. लग्नात केळीचे खांब उभे करतात आणि मानाची माणसं ते या कत्तीच्या एका घावात तोडतात. त्याला ‘बाळे बिरुद’ म्हणतात.

रांगेत एक ओडिकत्ती मात्र अगदीच लहान, काळपट आणि झिजलेली. मी विचारलं, ही का ठेवली? मित्राच्या आई, सगळे त्यांना ‘अव्वा’ म्हणतात, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. सूनबाईंनी हिंदीत सांगितलं, “त्यांच्या सासऱ्यांची आहे. दर वर्षी धार लावून लावून एवढी उरली. पूजेत तिचा मान पहिला.” मी तो काळपट थर बोटानं चाचपला. अव्वांनी माझा हात धरला आणि मान हलवली. घासू नको, असा अर्थ. तो थर म्हणजे घाण नव्हे. वापरानं आणि तेलानं बसलेला असतो तो. लाल गंजापासून पात्याला थोडाफार वाचवतो. मी मात्र आईच्या विळीचा तोच थर हौसेनं काढून टाकला होता.

जेवायला तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोल कडंबुट्टू. त्यांच्या पानात पंदी करी, म्हणजे डुकराचं मांस. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी बांबूच्या कोंबांची आमटी केली होती. ती इतकी छान, की धाकट्यानं तीनदा मागितली.

दुसऱ्या दिवशी मित्र मला जवळच्या एका लोहाराकडे घेऊन गेले. मळ्यातल्या छाटणीचे कोयते तो ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून घडवतो. भीडभाड सोडून मी त्याला सगळी हकीकत सांगितली. निळा पट्टा म्हणताच तो हसला. पातं चाकावर तापलं, की आधी गवतासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग निळा. निळा आला म्हणजे धारेचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकायची नाही. उपाय एकच: पुन्हा लाल करून पाणी द्यायचं आणि मग बेतानं थोडं तापवून कडकपणा उतरवायचा. “पण झिजलेलं पातं असेल तर तडकूही शकतं,” असंही त्यानं सांगितलं.

मडिकेरीच्या बाजारात पीचेकत्त्या विकायला असतात. मी चार दुकानं फिरले. बऱ्याचशा शोभेच्या, पात्याला धारच नाही, म्यान ठशाचं, मूठ हातात धरून हलवली तर आत खुळखुळते. असल्या वस्तू भिंतीवर छान दिसतात, पण संग्रहात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मी काही घेतलं नाही. त्याऐवजी त्या लोहाराकडून छाटणीचा एक साधा कोयता घेतला. ह्यांना वाटलं, पैसे वाचले!

कुणाकडे असं जुनं पातं असेल, तर सांगते. चामड्याच्या म्यानात ते कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होतं, शिवणयंत्राचं तेल चांगलं. धार चाकावर नको, दगडावर, पाणी लावून, हळूहळू.

घरी आल्यावर आठवडाभर विळी माळ्यावरून खाली आणायचा धीर होईना. तडकली तर? निदान आता ती अख्खी तरी होती. अखेर खंडेनवमी चार दिवसांवर आली तेव्हा तिला घेऊन गावाबाहेरच्या लोहाराकडे गेले. त्यानं पातं पाटातून सोडवलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, लई पातळ झालंय. पाण्यात घातलं तर तडकंल. तेलात घालून बघू. पर मला बोल लावायचा न्हाई.” मी हो म्हटलं. भात्याच्या उजेडात पातं लाल झालं तेव्हा मी सरळ तोंड फिरवलं. चर्रर्र आवाज आला, जळक्या तेलाचा वास आला. ‘टण्’ असा आवाज काही आला नाही. मग त्यानं कडेवर गवती रंग येईपर्यंत निखाऱ्याशी पातं धरलं.

तडकलं नाही. पण जरासं वाकलं, डावीकडे. सरळ करू का, असं त्यानं विचारलं. ठोकण्यात पुन्हा तडकायची भीती, म्हणून मी नको म्हटलं. दसऱ्याला विळीला हळदकुंकू लावलं आणि पहिला दुधी चिरला. एका बाजूनं फोडी जाड पडतात. गेल्या रविवारी बहीण आली होती. तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. पाटावर बसली, खळग्यात टाच टेकवली आणि म्हणाली, “आण ती गवार इकडं.”