नुसतं 'सॉलिड' नको, बॉस!

फोटो दाखवणारा मित्र आणि फोटो बघणारा मित्र यांच्यात एक अलिखित करार असतो. त्याने विचारायचं, "कसाय?" आपण म्हणायचं, "सॉलिड!" पुढच्या वेळी आपण विचारायचं आणि त्याने म्हणायचं. फिट्टंफाट! दोघंही खूश, आणि दोघांचेही फोटो वर्षभर होते तसेच.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी-खराडीत मान मोडून काम करायचं आणि वीकएन्डला कॅमेरे घेऊन पळायचं. पावसाळ्यात शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली, थंडीत सोलापूर रोडने दौंड तालुका ओलांडून भिगवण. परतताना चहा घेत एकमेकांचे फोटो बघायचे, हा सगळ्यात आवडता कार्यक्रम. कॅमेरा क्लबांमध्ये प्रिंट मांडून त्यावर चर्चा करायची जुनी रीत आहे. आमच्याकडे चर्चा नव्हती, नुसत्या टाळ्या.

मग चिंचोलीहून येताना आम्ही एक नियम केला. 'छान' आणि 'बेकार' हे दोन शब्द बंद. आधी विचारायचं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" मग आपल्याला काय दिसतंय ते सांगायचं. शेवटी, पुढच्या रविवारी करून बघता येईल अशी एक गोष्ट. एकच! दहा उणिवा एकदम ऐकल्या की माणूस कॅमेरा बॅगेत ठेवतो आणि भजी मागवतो.

पहिला नंबर आमच्या मैत्रिणीच्या मोराचा. तिला दाखवायचा होता मोराचा तोरा. आम्हाला दिसत होती खूपशी जमीन आणि तिच्यावर एक बुटका मोर, कारण फोटो उभ्याने काढलेला. तिला एवढंच सांगितलं, "खाली बस, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आण." पुढच्या ट्रिपला मॅडमची जीन्स चिखलाने माखली, पण मोर काय रुबाबात आला होता म्हणून सांगू!

हे सोपं होतं. अवघड पेपर भिगवणला आला.

१९८० मध्ये उजनी धरण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि त्या उथळ पाण्यावर थंडीत रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, यायला लागले. मच्छीमारांच्या होडीतून त्यांना बघायला जायचं. आमच्यातला एक जण नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी करायच्या बेतात होता. मोठ्या लेन्ससाठी दोन लाखांच्या कर्जाचा फॉर्म भरून तयार. भरवसा कशाचा, तर एका फोटोचा. अख्खा थवा पाण्यावरून उठलेला, गुलाबी पंखच पंख. घरी, ऑफिसात सगळ्यांनी 'सॉलिड' म्हटलेलं. टपरीवर त्याने तो माझ्यापुढे धरला. "खरं सांग यार, सोडू ना नोकरी?"

अशा वेळी 'सॉलिड' म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. ईएमआय आपल्याला थोडाच भरायचाय!

मी नियमाप्रमाणे विचारलं, काय दाखवायचं होतं? "स्वातंत्र्य!" मग मी दिसलं ते सांगितलं. रंग सुंदर आहेत. पण सगळे पक्षी आपल्याकडे पाठ करून धावतायत आणि कोपऱ्यात होडीचं टोक आहे. पिसं इतकी पांढरीफटक झालीत की एकही वेगळं दिसत नाही. त्याला नवी लेन्स नको, एक्सपोजर थोडं कमी केलं तरी भागेल.

शेजारी चहा पिणाऱ्या नावाडी दादांनी मान पुढे केली. "ही उडाली न्हाईत. पळाल्यात."

आम्ही गप्प. रोहित डोकं उलटं घालून, चोचीने चिखलपाणी गाळून खातो. उडायचं तर त्याला पाण्यावर लांब धावावं लागतं. होडी अंगावर नेली की त्याचं खाणं सुटतं आणि ताकद फुकट जाते. आणि आपण अशा फोटोला टाळ्या वाजवल्या, की पुढचा फोटोवाला होडीत बसल्या बसल्या म्हणतो, "दादा, जरा उडवा ना!" म्हणजे आपलं 'सॉलिड' वाटतं तितकं फुकट नसतं. त्याची किंमत मित्र भरतो, नाहीतर पक्षी.

मित्र यवतपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी काय करू?"

"होडी लांब थांबव. त्यांना खाऊ दे. तेव्हा काढ."

तो लागोपाठ तीन रविवार गेला. आता त्याच्याकडे एकच रोहित असलेला एक फोटो आहे. पाण्यातून नुकतं डोकं वर काढलेलं, चोचीवरून थेंब ओघळतायत. लेन्स जुनीच. नोकरी अजून आहे, कर्जाचा फॉर्म ड्रॉवरमध्ये. सोडायची की नाही ते तो ठरवेल, पण आता निदान स्वतःचे फोटो नीट बघून ठरवेल.

तेव्हा येत्या रविवारी कुणी फोटो पुढे केला, तर दोन मिनिटं थांबा. जीभ 'सॉलिड'वर जाईलच. तिला चहाचा एक घोट द्या आणि आधी फोटो बघा!