माथ्याच्या आधी पाणी

वाफेचं इंजिन चालवणाऱ्याला दोन गोष्टी क्षणभरही विसरून चालत नसे: बॉयलरमध्ये पाणी किती आहे आणि पुढचा सिग्नल काय सांगतो आहे. माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी नोकरी या दोन गोष्टींच्या परीक्षा देण्यात आणि पुढे दुसऱ्यांकडून त्यांची तयारी करून घेण्यात गेली.

अण्णा दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर आणि त्यानंतर ड्रायव्हर. ड्रायव्हरांतही सी, बी, ए अशा पायऱ्या. आधी मालगाडी, मेल सगळ्यात शेवटी. शंटरचे ड्रायव्हर होण्याच्या परीक्षेला ते बसले तेव्हा मी हायस्कुलात होते. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, अण्णांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. रात्री मी वाचून मराठीत सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. “गाडी दोन स्टेशनांच्या मधेच अडकली, तर मागून येणाऱ्या गाडीला कसं थांबवाल?” “६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं.” रुळावरचे ते फटाके मी तेव्हा पाहिलेही नव्हते, पण त्यांची अंतरं मला आजही तोंडपाठ आहेत.

तोंडी परीक्षा मात्र त्यातला लहान भाग. खरी परीक्षा फूटप्लेटवर व्हायची. लोको इन्स्पेक्टर इंजिनावर चढायचा, एका कडेला उभा राहायचा आणि फारसं बोलायचाच नाही. शेडमधून निघण्याआधी बॉयलरमध्ये पाणी सोडणारे दोन्ही इंजेक्टर चालवून पाहिले का, यावर त्याचं लक्ष. पाण्याची काच तपासली का, यावर तर फारच. काचेच्या नळीत पाणी दिसतं म्हणजे बॉयलरमध्ये तेवढं आहेच, असं नसतं. आतली वाट क्षारांनी तुंबली तर काच खोटी पातळी दाखवते. म्हणून खालचा कॉक उघडून नळी रिकामी करायची, बंद करायचा आणि पाणी झपकन पुन्हा वर चढतं का ते बघायचं. रेंगाळत चढलं, तर त्या काचेवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि मग चढ. मनमाडकडून येताना वांबोरी सोडली की विळदचा घाट लागतो. चढावर इंजिनाचं तोंड वर असतं, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे, भट्टीच्या बाजूला येतं आणि काच भरलेली दिसते. माथा ओलांडून इंजिनाचं तोंड उताराला लागलं, की तेच पाणी पुढे धावतं. आधीच कमी असेल, तर भट्टीचं छत उघडं पडतं. वर पाणी नाही आणि खाली धगधगता कोळसा, म्हणजे पत्रा तापून लाल होणार. त्या छतात शिशाचा प्लग बसवलेला असतो. तो वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची खबर देते. प्लग जाळणं ही ड्रायव्हरच्या नोकरीतली मोठी नामुष्की. म्हणून माथ्याच्या आधीच पाणी घेऊन ठेवायचं. पण त्याच वेळी इंजिन जीव तोडून ओढत असतं आणि गार पाणी आत घेतलं की वाफेचा दाब पडतो. फार घेतलं तर गाडी चढावर बसणार, कमी घेतलं तर माथ्यावर छत उघडं. किती आणि कधी, हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही. इन्स्पेक्टर तेवढंच बघायला आलेला असायचा.

कानांचीही परीक्षा असे. दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. ते सारखे नसले की कुठल्या बाजूला दोष आहे, पिस्टनमध्ये की व्हॉल्व्हमध्ये, हे शोधून सांगावं लागे. अण्णा पुढे रविवारी अंगणात नव्या फायरमन पोरांना हे ठोके तोंडानं म्हणून दाखवायचे. एक पैसा घेत नसत. इंग्लंडमधल्या शेडांतही जुने ड्रायव्हर असेच वर्ग फुकट चालवत, हे मी फार उशिरा वाचलं आणि मला अण्णांचा अभिमान वाटला.

घरात भीती होती ती डोळ्यांच्या तपासणीची. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर, सिग्नलचे रंग ओळखण्यात चूक झाली असावी या संशयावरून, होल्मग्रेन या शास्त्रज्ञानं रंगीत लोकरीचे धागे ओळखायला लावून रेल्वे कामगारांची नजर तपासली. पुढे इशिहारांचे ठिपक्यांचे तक्ते आले. अण्णांना ते तक्ते ठरावीक वर्षांनी बघावे लागत, वय वाढेल तसे लवकर लवकर. नापास झाला की माणूस ‘डीकॅट’ होऊन इंजिनावरून खाली उतरे, शेडमध्ये दुसरं काम करी. तपासणीच्या आदल्या आठवड्यात आई त्यांना रात्री वर्तमानपत्रही वाचू देत नसे. तरीही ही परीक्षा निर्दय होती तेच बरं होतं, असं माझं ठाम मत आहे. मागच्या डब्यांत शेकडो माणसं झोपलेली असायची.

मी पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, कित्येक प्रश्नपत्रिका काढल्या. त्यातल्या एकीतही मला विळदच्या चढासारखा प्रश्न घालता आला नाही. तिथे परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच भट्टीसमोर उभे असत. उत्तर चुकलं, तर दोघंही भाजणार.

१९९४ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळच्या ‘शकुंतला’ गाडीचं वाफेचं इंजिन गेलं, १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडीही थांबली. पण वाफ संपलेली नाही. रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’ हे इंजिन अजून पेटतं, दार्जिलिंगला आणि निलगिरीत छोटी इंजिनं धावतात. ती चालवणाऱ्या नव्या माणसांना पारखायचं, तर ज्यानं स्वतः माथ्याच्या आधी पाणी घेतलं आहे असाच कुणीतरी लागतो. अशी माणसं आता वयानं थकत चालली आहेत.

तुमच्या घरात, चाळीत, ओळखीत वाफेवर काम केलेला ड्रायव्हर किंवा फायरमन असेल, तर याच महिन्यात त्यांच्यापाशी बसा. कुठल्या चढाआधी पाणी घ्यायचात, दाब किती पडू द्यायचात, इन्स्पेक्टरनं काय विचारलं, ते विचारा. फोनवर त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्या. शेडचं नाव, इंजिनाचा वर्ग आणि साल लिहायला विसरू नका.